ट्रॉलीच्या दांडीचा जॅक : हँडलचा, हायड्रॉलिक की बॅटरीवरचा? निवड, वापर आणि निगा

शेतकरी विशेष | तालुका प्रतिनिधी

दोनचाकी ट्रॉली, पाण्याचा टँकर, मळणी यंत्र, द्राक्षबागेत ओढायचा ब्लोअर, या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. ट्रॅक्टर सोडला की पुढची दांडी जमिनीकडे येते. चारचाकी ट्रॉलीचं वजन तिच्याच चाकांवर असतं, दोनचाकीचं काही वजन मात्र दांडीवर येतं. हे वजन पेलायला दांडीला स्टँड किंवा जॅक असतो.

बऱ्याच ठिकाणी हा जॅक मोडून पडलेला असतो आणि दांडीखाली दगडांची चळत लावलेली दिसते. पुन्हा जोडताना दोघं-तिघं दांडी खांद्यानं उचलतात, एक जण हुकाजवळ पिन घेऊन उभा राहतो आणि ट्रॅक्टर मागे येतो. बोटं चेमटतात, पाय सापडतात ते याच वेळी. जॅक चालू असेल तर दांडी उचलायला माणूस लागत नाही, म्हणून त्याची माहिती असणं गरजेचं आहे.

दांडीवर वजन किती येतं?

ट्रॉली आणि माल मिळून 5 टन वजन धरलं आणि त्यातलं 10 टक्के दांडीवर आलं, तरी ते 500 किलो होतं. माल पुढे जास्त भरला तर हा आकडा आणखी वाढतो. त्यामुळे जॅक घेताना त्याच्यावर लिहिलेली क्षमता बघा आणि अंदाजाच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा घ्या.

माल चाकांच्या मागे जास्त असेल तर उलटं होतं. पिन काढली की दांडी झटक्यात वर उडते. ती हनुवटीला किंवा छातीला लागली तर जीवावर बेतू शकतं. अर्धी ट्रॉली पुढून रिकामी केली आणि मागचा माल तसाच राहिला, तर ती ट्रॅक्टरपासून सोडू नका.

कोणता जॅक कशासाठी?

पाइपात पाइप आणि पिनेचा स्टँड : सगळ्यात स्वस्त. भोकं असतात, पाहिजे त्या उंचीला पिन घालायची. उभं ठेवायला चांगला, पण यानं दांडी वरखाली करता येत नाही. हलकी ट्रॉली असेल आणि जागा नेहमीची असेल तर चालतो.

हँडलचा स्क्रू जॅक : हँडल फिरवलं की आतला आट्याचा रॉड दांडी वर उचलतो. हँडल सोडलं तरी तो आहे तिथेच थांबतो, आपोआप खाली येत नाही. सील नाही, तेल नाही, वायर नाही, बिघडला तर गावातला लेथवाला दुरुस्त करतो. हँडल वर असलेला आणि बाजूला असलेला असे दोन प्रकार मिळतात. बाजूच्या हँडलला आत लहान दाते असतात, त्यांनाही ग्रीस लागतं. टँकर आणि दोनचाकी ट्रॉलीसाठी आपल्याकडे हाच सोयीचा.

हायड्रॉलिक जॅक : कमी जोरात जास्त वजन उचलतो. पंक्चर काढताना, बेअरिंग बदलताना उपयोगी. पण सील गळायला लागलं की वजन हळूहळू खाली बसतं. त्यामुळे उचलायला हायड्रॉलिक वापरा, रात्रभर उभं ठेवायला नको. उचलून झालं की खाली भक्कम टेकू द्या.

बॅटरीवरचा जॅक : अमेरिकेत गाडीमागे ओढायच्या राहत्या घराच्या ट्रेलरना हा असतो. बटण दाबलं की 12 व्होल्टची मोटर आतला स्क्रू फिरवते. तिकडे 3,500 पौंड, म्हणजे साधारण 1,600 किलो क्षमतेचे जॅक सर्रास मिळतात. त्या ट्रेलरमध्ये स्वतःची बॅटरी असते, आपल्या ट्रॉलीत नसते. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून जोडायचा तर जाड वायर, फ्यूज आणि सोडता येईल असा प्लग लागतो, आणि ट्रॅक्टर निघून गेला की बटण चालत नाही. धूळ, चिखल आणि वायर कुरतडणारे उंदीर हे वेगळंच. दिवसातून अनेकदा टँकर जोडावा-सोडावा लागतो किंवा कंबरेच्या त्रासामुळे हँडल फिरवता येत नाही, अशांनीच याचा विचार करावा. घेतलाच तर वीज नसताना हातानं फिरवायची सोय असलेलाच घ्या आणि ते हँडल ट्रॉलीतच ठेवा.

बसवताना काय बघायचं?

ट्रॅक्टर पूर्ण वळवून बघा. मागचा टायर जॅकला किंवा हँडलला लागत नाही ना, याची खात्री करूनच जागा ठरवा. जॅक वर घेतल्यावर तो बांध आणि नालीला लागणार नाही इतका उंच राहिला पाहिजे. आडवा फिरवून पिन घालता येणारा असेल तर उत्तम.

जॅक थेट दांडीला वेल्डिंग करून टाकू नका. दांडीला जाड पट्टी वेल्ड करा आणि जॅक तिला नट-बोल्टनं बसवा, म्हणजे बदलायला सोपा जातो. वेल्डिंगच्या वेळी जॅक काढून ठेवा, नाहीतर उष्णतेनं ग्रीस जळतं आणि बेअरिंग खराब होतं.

ट्रॉली सोडायची पद्धत

1. जागा सपाट बघा. ट्रॅक्टरचा हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा.
2. ट्रॉलीच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून दगड किंवा लाकडी ठोकळा लावा.
3. जॅकखाली फळी ठेवा. जॅकचा तळ 10 सेंटिमीटर चौरस असेल तर 500 किलो वजनात जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला 5 किलो दाब येतो. 30 सेंटिमीटर चौरस जाड फळी ठेवली तर तो अर्ध्या किलोच्या आसपास येतो. पावसाळ्यात काळ्या रानात हाच फरक पडतो. फळी नसेल तर जॅक मातीत घुसतो आणि ट्रॉली कलते.
4. हुकावरचं वजन हलकं होईपर्यंत जॅक फिरवा. पिन सहज निघाली पाहिजे. हातोड्यानं ठोकावी लागत असेल तर उंची अजून जुळलेली नाही.
5. हायड्रॉलिकचा पाइप आणि लाइटची वायर काढा, मगच ट्रॅक्टर पुढे घ्या.

जोडताना दांडी आधी जॅकनं हुकाच्या उंचीला आणा. ट्रॅक्टर मागे येत असताना मध्ये कोणीही उभं राहू नये, घरातली पोरं तर नाहीच. ट्रॅक्टर थांबला, ब्रेक लागला, त्यानंतर पिन घाला आणि तिला लॉक लावा. निघण्याआधी जॅक पूर्ण वर घ्या.

निगा कशी ठेवायची?

स्क्रू जॅक : हंगाम सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यावर रॉड पूर्ण बाहेर काढा. जुनं, मातीनं घट्ट झालेलं ग्रीस रॉकेल किंवा डिझेलनं धुवा, तारेचा ब्रश मारा, कोरडं करून नवं ग्रीस लावा. ग्रीस निपल असेल तर ग्रीसगन मारा. वरचं बेअरिंग करकरत असेल तर बदला. जुन्यावर नुसतं नवं ग्रीस थापलं तर आतली माती आटे खाते. रॉड हातानं हलवून बघा. खूप खुळखुळत असेल तर आटे झिजलेत, नट किंवा जॅक बदला. वाकलेला पाइप तापवून, ठोकून सरळ केला तरी तो पूर्वीइतकं वजन पेलेल याचा भरवसा नसतो.

हायड्रॉलिक जॅक : तेल फक्त हायड्रॉलिकचं टाका. ब्रेक ऑइलनं सील फुगून खराब होतं आणि जळक्या इंजिन ऑइलातल्या घाणीनं वॉल्व्ह अडकतो. तेल भरताना रॉड पूर्ण खाली असू द्या. जॅक उचलताना दचके देत असेल तर हवा धरली आहे. वॉल्व्ह सैल करून वजन न देता काही वेळा पंप मारा, मग वॉल्व्ह बंद करा. ठेवतानाही रॉड खाली करूनच ठेवा, नाहीतर त्याला गंज चढून सील फाटतं.

रासायनिक खत वाहिल्यावर ट्रॉलीबरोबर जॅकही पाण्यानं धुवा. खतानं लोखंड लवकर गंजतं. धुऊन वाळला की थोडं ग्रीस द्या.

नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रॉलीखाली किंवा वर उचललेल्या डंपिंग हौद्याखाली कधीही शिरू नका, जॅक नवा असला तरी नाही. आधी लोखंडी स्टँड किंवा जाड ओंडक्याचा टेकू द्या, वजन टेकूवर बसलंय हे बघा, मग खाली हात घाला.