पेटीची हद्दपारी

गणेशोत्सव असो वा कोजागरी, परप्रांतातील मराठी मंडळाचे पान पेटीवाचून हलत नाही. परंतु याच राजधानीच्या कारभारात एके काळी पेटीला हद्दपारीचा हुकूम झाला होता, हे आपल्या नव्या पिढीस क्वचितच ठाऊक असेल.

पेटी जन्माने युरोपीय. महाराष्ट्रात ती रुजली संगीत रंगभूमीच्या आश्रयाने; आणि तिला साथीच्या जागेवरून उचलून स्वतंत्र वादनाचा मान मिळवून देणाऱ्यांत गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) अग्रणी होत. भास्करबुवा बखल्यांची साथ करता करता त्यांनी गायकी बोटांत उतरविली. १९११ साली किर्लोस्कर मंडळीच्या ‘मानापमाना’स त्यांनी चाली दिल्या. त्यांत उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्याचा ढंग मराठी पदांत असा मिसळला की तो परका वाटेना. १९१३ मध्ये बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. पुढे १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटास संगीत दिले आणि त्यात हरिश्चंद्राची भूमिकाही केली. वादक, संगीतकार, नट, लेखक अशी ही चौफेर कारकीर्द पेटीच्या पट्ट्यांवरूनच सुरू झाली होती.

आणि नेमके हेच वाद्य १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर वर्ज्य ठरले! त्या वेळी नभोवाणीचे प्रमुख होते लायोनेल फील्डन. दिल्ली केंद्रावरील पाश्चात्त्य संगीताचे अधिकारी जॉन फोल्ड्स यांनी पेटीविरुद्ध आधीच लेखणी उचलली होती. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पेटीच्या सप्तकात बारा ठरीव स्वर. तिला मींड नाही, श्रुतींचे बारकावे नाहीत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी याच उणिवेवर उपाय म्हणून ‘श्रुति-हार्मोनियम’ची कल्पना मांडली होती. दोष ठाऊक असूनही वाद्य सुधारावे, ही त्यांची दृष्टी. ते बंदच करावे, ही सरकारची.

स्वराज्य आले, तरी हुकूम टिकला. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी मंत्री होते आपलेच बा. वि. केसकर, त्यांच्या कारकिर्दीतही पेटीला दार उघडले नाही. पु. ल. देशपांड्यांसारखा रसिक पेटीवादक आकाशवाणीच्या नोकरीत होता, पण पेटी मात्र बाहेरच! अखेर १९७१ मध्ये बंदी अंशतः उठली; साथीपुरती मोकळीक मिळाली, एकल वादनास नाही.

या तीन दशकांत पेटी मेली का? मुळीच नाही. मैफलींनी, नाटकांनी, भजनी मंडळांनी आणि घराघरांतील शिकवण्यांनी ती जिवंत ठेवली. २०१६ मध्ये तुळशीदास बोरकरांना पद्मश्री मिळाली, तेव्हा ज्या दिल्लीने पेटीस दार लावले होते, तिनेच पेटीवादकाचा सन्मान केला.

शासनाच्या सेवेत आयुष्य घालविलेल्या माणसास यातून एक बोध होतो. फायलीवरील शेरा वाद्यास ध्वनिक्षेपकापासून दूर ठेवू शकतो. लोकांच्या कानांतून काढू शकत नाही. घरापासून दूर आपली भाषा व आपले सूर सांभाळणाऱ्या मंडळांनी हे ध्यानी ठेवावे. परंपरा टिकते ती कोणाच्या परवानगीने नव्हे, नित्य वापराने.