जलपर्णी : ओळख आणि देखरेख

पुण्याच्या मुळा-मुठेवरील हिरवा थर शहरवासीयांच्या परिचयाचा आहे. मात्र दवनीवाड्यासारख्या गोंदिया तालुक्यातील धानपट्ट्यात हीच वनस्पती तलावात शिरली, तर सिंचन, ढिवर समाजाची मासेमारी व शिंगाड्याचे पीक या तिन्हींवर तिचा भार पडतो. महाराष्ट्रात प्रामुख्याने याच भागात उरलेल्या सारस पक्ष्यांसाठीही उथळ, मोकळे पाणी आवश्यक असते.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील अॅमेझॉन खोऱ्याची. शोभेची वनस्पती म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली, असे मानले जाते. पूर्वी आयकॉर्निया क्रॅसिपेस म्हणून नोंदलेल्या या वनस्पतीचा समावेश २०१८ पासून पाँटेडेरिया प्रजातीत केला जातो.

फुगीर, स्पंजासारखा देठ ही तिची सर्वपरिचित खूण. पण तेवढ्यावर विसंबणे धोक्याचे. दाटीत वाढलेल्या रोपांचे देठ लांब व सडपातळ होतात. अशा वेळी फूल पाहावे. जांभळट तुऱ्यातील प्रत्येक फुलाच्या वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका असतो. बांधीतील चिखलात रुजणाऱ्या देशी मोनोकोरियाच्या निळ्या फुलांवर तो नसतो. जलपर्णीची पिसासारखी काळपट मुळे पाण्यात लोंबकळतात. तलावाकाठची गुलाबी, नरसाळ्यासारख्या फुलांची बेशरम हीसुद्धा परकीयच, पण निराळी.

अनुकूल स्थितीत जलपर्णीचा विस्तार एक ते दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकतो. म्हणून वर्षातून एकदा केलेली पाहणी जवळजवळ निरुपयोगी ठरते. पाळीवरील एकाच ठिकाणाहून दरमहा छायाचित्र घ्यावे, तारीख लिहावी आणि पाण्याचा किती भाग झाकला गेला याचा अंदाज नोंदवावा. वाऱ्याने थर एका काठाला लोटला जातो. त्यामुळे चारही बाजू पाहणे इष्ट. उपग्रहचित्रात हिरवा डाग दिसतो खरा, पण तो कमळाचाही असू शकतो.

मालगुजारी तलाव अनेक ठिकाणी साखळीने जोडलेले आहेत. वरच्या तलावातील रोपे पावसाळ्यात सांडव्यावाटे खालच्या तलावात उतरतात. त्यामुळे पहिली नजर वरच्या तलावावर, तीही पावसाळ्यापूर्वी हवी. रोपे फुलण्याआधी उपटून पाण्यापासून दूर टाकावीत. फुलोरा येऊन गेल्यावर देठ वाकतो, बी पाण्यात पडते व चिखलात ते पंधरा-वीस वर्षेही जिवंत राहू शकते. एकदा बी पडलेल्या तलावाची नोंदवही, पाणी स्वच्छ दिसू लागले तरी, तितकीच वर्षे चालू ठेवावी लागते.