बैठकीखालील वीज

गाडी चालविणारा उंच असो वा ठेंगू, त्याचा पाय ब्रेकपर्यंत पोंचलाच पाहिजे आणि दृष्टि रस्त्यावर राहिलीच पाहिजे. गाडी सर्वांसाठीं एकाच मापाची घडते. शरीरें मात्र नाना मापांचीं. हा विरोध मिटविण्यासाठीं बैठकच पुढेंमागें सरकवावी लागली. हातानें खिटी ओढून ती सरकविण्याचें काम विजेकडे कसें गेलें, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

त्याचें मूळ रस्त्यावर नसून दुकानाच्या गल्ल्यांत आहे. अमेरिकेंतील डेटन शहरीं चार्ल्स केटरिंग या इंजिनियरानें १९०६ च्या सुमारास पैशांची नोंद करणाऱ्या यंत्रास विजेची मोटर जोडली. गल्ला उघडण्याचें काम क्षणभराचें. तेव्हां लहानशा मोटरवर मोठा भार पडला तरी ती तापून जळण्यापूर्वींच तिला विसावा मिळतो. याच तत्त्वावर त्यानें इंजिन सुरू करणारी मोटर सिद्ध केली आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत ती बसली. हँडल उलट फिरून चालकांचे हात मोडत, तें संकट टळूं लागलें. शिवाय त्या मोटरसाठीं गाडींत भक्कम बॅटरी व ती भरणारें जनित्र आलें. पुढें बैठक हलविणारी वीज याच बॅटरीनें पुरविली.

१९४० नंतरच्या कांहीं अमेरिकन गाड्यांत विजेनें पंप फिरवून द्रवाच्या दाबानें बैठक ढकलीत. नळ्या गळण्याचा धोका त्यांत होताच. पुढें मोटरच थेट बैठकीखालीं आली. पण तिला दोन्ही दिशांस फिरवावयाचें कसें? जुन्या मोटरींत चुंबकही विजेच्या वेटोळ्यानेंच बनविलेला असे. बॅटरीच्या तारांची अदलाबदल केली, तर चुंबक व फिरता भाग या दोहोंतील प्रवाह एकदमच उलटे आणि मोटर पूर्वीच्याच दिशेनें फिरे! म्हणून चुंबकाला दोन वेटोळीं देत. एक पुढें नेणारें, दुसरें मागें आणणारें. कायमचे चुंबक वापरांत आल्यावर हा द्राविडी प्राणायाम संपला. अशा मोटरींत तारांची अदलाबदल होतांच दिशा उलटते. बटण मोकळें असतां दोन्ही तारा सामान्यतः गाडीच्या सांगाड्यास जोडलेल्या असतात. एका बाजूस दाबतां पहिली तार बॅटरीस मिळते, दुसऱ्या बाजूस दाबतां दुसरी.

मोटर वेगानें फिरते. मळसूत्री चक्र तो वेग घटवून जोर वाढवितें. त्याचा दुसरा गुण अधिक मोलाचा. मोटर त्याला फिरवूं शकते, पण बसणाऱ्याच्या भारानें तें उलट फिरत नाहीं. त्यामुळें वीज थांबली तरी बैठक जागच्या जागीं राहते. ती टोंकास जाऊन अडली, तर वाढलेल्या प्रवाहानें तापणारी धातूची पट्टी वाट तोडते आणि मोटर वांचते.

बैठक हलविण्याइतकेंच ती न हलूं देणेंही महत्त्वाचें. भर वेगांत ब्रेक दाबतांना पायाला आधार लागतो तो पाठीचा, आणि पाठीला बैठकीचा. विजेचें काम क्षणांत संपतें. त्यानंतरचा सारा प्रवास चालक त्या निश्चल मळसूत्राच्या भरंवशावर करतो.