सततच्या ताणाने डोकं 'हँग' का होतं? जाणून घ्या मेंदूत नेमकं काय घडतं

एकच पान चार वेळा वाचूनही डोक्यात काही शिरत नाही, किंवा मेसेजमधला ओटीपी ॲपवर परत येईपर्यंत विसरला, असं तुमचंही होतं का? ताण खूप दिवस राहिला की हे अगदी स्वाभाविक आहे. याचा अर्थ तुम्ही 'ढ' झालात किंवा आळशी झालात असा नाही. चला तर मग, आत काय चाललेलं असतं ते पाहूया.

ताण आला की काय होतं?

धोका जाणवला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो. ती मूत्रपिंडांवर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना जागं करते आणि त्या रक्तात कॉर्टिसॉल सोडतात. समोरून गाडी आली तर हे उपयोगीच असतं. नंतर हेच कॉर्टिसॉल मेंदूला 'आता पुरे' असं कळवतं आणि सगळं शांत होतं. पण फी, निकाल, नोकरी, घरचे हप्ते या चिंता महिनोन् महिने संपतच नाहीत. मग ही यंत्रणा नीट थंड होत नाही.

कोणत्या भागांवर परिणाम होतो?

१. प्रीफ्रंटल कॉर्टेक्स: हा कपाळामागचा भाग. नियोजन, लक्ष, मनाला आवर घालणं आणि आत्ता लागणारी माहिती धरून ठेवणं ही त्याची कामं. फोनच्या भाषेत रॅम म्हणा. येल विद्यापीठाच्या एमी आर्नस्टेन यांनी दाखवलंय की ताणात डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन फार वाढलं की इथल्या पेशींचा आपसातला संपर्क कमकुवत होतो.

२. हिप्पोकॅम्पस: नव्या आठवणी तयार करणारा भाग. इथे कॉर्टिसॉल ओळखणारे रिसेप्टर भरपूर असतात, म्हणून ताणाचा फटकाही इथे जास्त बसतो.

३. अमिग्डाला: भीती आणि धोका ओळखणारा भाग. ताणात हा जास्तच सावध होतो, म्हणून साध्या 'सीन' झालेल्या मेसेजनेही जीव धास्तावतो.

बंगळुरूच्या एनसीबीएस संस्थेत सुमंत्र चटर्जी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये उंदरांवर केलेला प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. सततच्या ताणाने हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडल्या, पण अमिग्डालातल्या वाढल्या! पुढे तीन आठवडे ताणाविना ठेवल्यावरही अमिग्डालातली वाढ तशीच राहिली. म्हणजे फोनची तुलना इथे थांबते. फोन रीस्टार्ट केला की मोकळा होतो, मेंदूची मात्र वायरिंगच बदलते आणि सावरायला वेळ लागतो.

मग मेंदू पूर्ववत होतो का?

बऱ्याच अंशी, हो. न्यूयॉर्कमध्ये परीक्षेच्या तयारीत असलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांवरचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ताणात त्यांना एका कामावरून दुसऱ्यावर लक्ष वळवणं जड जात होतं. परीक्षेनंतर महिनाभर ताण कमी झाला आणि हा फरक गेला.

मानसिक थकवा म्हणजे वेगळं काही?

ताण नसतानाही थकवा येतो. पॅरिसमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये काही जणांना सहा तासांहून जास्त वेळ डोक्याचं अवघड काम दिलं. त्यांच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या एका भागात ग्लुटामेट हे रसायन साचलेलं दिसलं आणि ते लोक झटपट मिळणारा, कमी कष्टाचा पर्याय निवडू लागले.

माझी मावसबहीण स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. दिवसभर अभ्यासिकेत बसून रात्री अकराला ती म्हणाली, "दादा, माझं डोकंच चालत नाही, यंदा फॉर्मच भरत नाही." मी तिला एवढंच सांगितलं, की हा निर्णय रात्री घेऊ नकोस, झोपून उठल्यावर सकाळी घे. तिने फॉर्म भरला. निकाल अजून लागायचा आहे.

काय करता येईल?

• झोप: प्रौढांना रोज किमान सात तास लागतात. रात्री फोन उशाशी नको, दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा.
• ब्रेकमध्ये रील्स नकोत: दर काही सेकंदांनी नवा विषय आला की लक्ष कामालाच जुंपलेलं राहतं. त्यापेक्षा गच्चीवर चार फेऱ्या मारा.
• नोटिफिकेशन: बँक आणि कॉल सोडून बाकीची बंद करा.
• डोक्यातलं कागदावर: उद्याची कामं लिहून ठेवा, म्हणजे ती रात्रभर घोळत राहणार नाहीत.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक किंवा कामातलं मन हरवलं असेल तर डॉक्टरांना भेटा. सरकारची 'टेली मानस' हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं. हा नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा. तुम्हाला लागला नाही तरी हॉस्टेलवर शेजारच्या खोलीत कुणाला तरी लागू शकतो.