नेपल्सच्या राणीचं घड्याळ

परवा नात्यातल्या एका लग्नात नवरदेवाच्या मनगटावरचं स्विस घड्याळ बघायला पुरुषांचा घोळका जमला होता. सेलवरचं नव्हे, चावी द्यायचं. किंमत ऐकून मी दोनदा विचारलं. मीही पुढे होऊन डोकावले, तर एक दीर म्हणाले, "वहिनी, हा पुरुषांचा शौक. तुम्ही तिकडे पाटल्या बघा की." मी हसून बाजूला झाले. पण भावजी, घड्याळ मनगटावर चढलं तेच मुळी बाईच्या पाटलीच्या जागी!

ही गोष्ट पॅरिसची. अब्राहम-लुई ब्रेगे हा स्वित्झर्लंडच्या नॉशातेल गावचा कारागीर. १७७५ साली त्यानं पॅरिसमध्ये, सेन नदीतल्या बेटावर दुकान थाटलं. राजेराजवाडे त्याचे गिऱ्हाईक. त्यातली एक खंदी गिऱ्हाईक म्हणजे नेपोलियनची धाकटी बहीण कॅरोलिन म्युरा. नवरा जोआशीम म्युरा १८०८ साली नेपल्सचा राजा झाला, ही राणी. १८०८ ते १८१४ या काळात तिनं ब्रेगेकडून चौतीस घड्याळं घेतली. आपल्या बारा व्रतांत परिग्रह-परिमाण सांगितलंय, त्या हिशेबानं ही बाई पहिल्याच दिवशी नापास. पण तिच्या हौसेपायी एक नवीन वस्तू जन्माला आली, हेही खरं.

८ जून १८१० रोजी तिनं एक चमत्कारिक मागणी नोंदवली: तास-पाव तास वाजवून सांगणारं घड्याळ, आणि तेही कंकणात बसवलेलं. ठरलेली किंमत ५,००० फ्रँक. त्या काळी घड्याळ खिशात नाहीतर साखळीला असायचं. खिशात ते निवांत पडून राहतं. मनगटावर मात्र हाताचा प्रत्येक हिसका, घाम, धूळ सगळं त्याच्या नाजूक चक्रांना सोसावं लागतं. शिवाय राणीला हवं होतं अगदी पातळ, लांबट आकाराचं, त्यात चंद्राच्या कला आणि वर एक थर्मामीटर! सतरा माणसं, चौतीस प्रकारची कामं आणि अडीच वर्षं लागली. २१ डिसेंबर १८१२ ला क्रमांक २६३९ पुरा झाला.

वाजणाऱ्या घड्याळाचं मला फार अप्रूप वाटतं. कळ दाबली की आत बारीक हातोड्या पडतात, आणि अंधारात कान देऊन वेळ कळते. दिवा लावायला नको. रात्री दिव्यावर किडे येऊन मरतात म्हणून अंधारातच वावरणाऱ्या आमच्या आजेसासूबाईंच्या हाती ते पडतं, तर त्यांनी जन्मभर दुसरं काही मागितलं नसतं. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटं त्या वाळूच्या घड्याळावर मोजायच्या.

ते घड्याळ पुरं झालं तेव्हा कॅरोलिनचा नवरा कुठे होता? रशियाहून माघारीच्या वाटेवर. नेपोलियन सैन्य टाकून पॅरिसला परतला होता आणि उरल्यासुरल्या फौजेची धुरा म्युरावर होती. इकडे नेपल्सचा कारभार राणीच बघत होती. तेव्हा हे घड्याळ म्हणजे नुसता नटवा दागिना, असं मला वाटत नाही. राज्य हाकणाऱ्या बाईला वेळ बघायचीच असते. पुढे १८१५ साली म्युराला गोळ्या घातल्या, राज्य गेलं. परागंदा झालेली कॅरोलिन १८३९ साली फ्लॉरेन्सला वारली.

हिच्या आधी कुणाच्याच हातावर घड्याळ नव्हतं असं नाही. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीला १५७० च्या दशकात घड्याळ बसवलेलं कंकण नजर झालं होतं. हंगेरीच्या एका काउंटेससाठी पाटेक फिलिपनं १८६८ साली केलेल्या घड्याळालाही पहिलेपणाचा मान देतात. पहिली कोण यावर भांडोत बापडे. तिघीही बायकाच आहेत. पुरुषांना ते बायकी वाटायचं. १९१४ च्या महायुद्धात खंदकात एका हातात बंदूक धरून खिसा चाचपायला जमेना, तेव्हा कुठे त्यांनी ते मनगटाला बांधलं. शंभर वर्षांत मालकी अशी फिरली की आज मलाच बाजूला व्हायला सांगतात.

कॅरोलिनचं घड्याळ आज कुणाकडेच नाही. त्याचं चित्रसुद्धा नाही. उरलीय ती ब्रेगेच्या दुकानाची वही. आपण व्यापारी घरच्या मुली, दिवाळीला वहीपूजन बघत वाढलो. वहीची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको. बघा ना, मारी आंत्वानेतसाठी मागवलेलं ब्रेगेचंच घड्याळ १९८३ साली जेरुसलेमच्या संग्रहालयातून चोरीला गेलं, ते २००७ साली परत मिळालं. म्हणून संग्राहक अजून या २६३९ चीही आस धरून आहेत. ब्रेगे कंपनीनं तर २००२ पासून 'रेन द नेपल्स' नावानं बायकांसाठी अंडाकृती घड्याळं काढलीत. सुंदर आहेत, पण ती नवी.

वहीत त्या जुन्या घड्याळाचा माग लागतो तो कॅरोलिनच्या लेकीमुळे. १८४९ साली लुईझ, म्हणजे काउंटेस रास्पोनी, आईचं घड्याळ दुरुस्तीला घेऊन आली. कारकुनानं सगळं टिपून ठेवलंय: चांदीची तबकडी, अरबी आकडे, थर्मामीटर, साधी सोन्याची किल्ली, लाल चामड्याची पेटी. कंकण केसांचं, सोन्याच्या तारेत गुंफलेलं. आपल्याकडे केशलोच म्हणजे वैराग्य. तिकडे जिवलगांचे केस दागिन्यात जपायची रीत होती. दुरुस्तीचे ८० फ्रँक झाले. १८५५ साली लुईझ पुन्हा एकदा ते घेऊन आली. त्यानंतर वहीत त्या क्रमांकापुढे काही लिहिलेलं नाही.