'चतियन चंतू' : एका दूषणाची फेरतपासणी

मलयाळम भाषेत विश्वासघातकी मनुष्यास 'चतियन चंतू' म्हणण्याचा प्रघात आहे. 'चति' म्हणजे कपट. एखाद्याचे नाव असे दूषणवाचक होऊन बसले की त्याच्यावरील आरोपाची चौकशी करण्याची आवश्यकता कोणास वाटेनाशी होते. १९८९ साली प्रदर्शित झालेल्या 'ओरु वडक्कन वीरगाथा' या चित्रपटाने ती चौकशी नव्याने केली. इतिहासाच्या अभ्यासकाने त्याची दखल घ्यावयाची ती याच कारणासाठी.

कथेचे मूळ उत्तर मलबारातील 'वडक्कन पाट्टुकळ' या वीरगीतांत आहे. पाणर गायक आणि भाताची लावणी करणाऱ्या स्त्रिया यांच्या मुखी ही गीते टिकून राहिली. घराण्यांतील तंटे मोबदला घेऊन लढणाऱ्या चेकवर योद्ध्यांच्या द्वंद्वाने, म्हणजे 'अंकम'ने, मिटविण्याची चाल त्यांत वर्णिली आहे. पुत्तूरम घराण्यातील आरोमल चेकवर हा परक्या घरच्या वडीलकीच्या वादापायी अरिंगोडराशी लढला. त्याचा आतेभाऊ चंतू त्याच्या साहाय्यास होता. गीत सांगते की, चंतूने लोहारास फितवून तलवारीत लोखंडी खिळ्यांऐवजी लाकडी खिळे बसविविले. तलवार मोडूनही आरोमल विजयी झाला. तेव्हा विसावलेल्या त्या वीरास चंतूने दिव्याच्या दांड्याने भोसकले. पुढे आरोमलची बहीण उण्णियार्चा हिच्या पुत्राने या वधाचा सूड घेतला.

चंतूच्या कृत्यामागे गीत निष्फळ प्रेम दाखविते. उण्णियार्चा ही त्याच्या मामाची मुलगी, म्हणजे 'मुरप्पेण्णु' होय. या शब्दातील 'मुर' म्हणजे रूढीने ठरलेला क्रम वा हक्क, आणि 'पेण्णु' म्हणजे मुलगी. मामाच्या मुलीवरील असा हक्क महाराष्ट्रातील वाचकांसही अपरिचित नाही. तेव्हा येथील प्रेम कुळाचाराविरुद्ध उभे नसून कुळाचारानेच मान्य केलेले आहे. जे नाकारले गेले ते केवळ प्रेम नव्हे, तर घरातील स्थानही होय.

पटकथाकार एम. टी. वासुदेवन नायर व दिग्दर्शक हरिहरन यांनी नेमका हाच धागा उचलला. त्यांचा चंतू आश्रित आहे, घरातच उपेक्षिलेला आहे. खिळ्यांचे कपट त्याचे नव्हे, आणि आरोमलचा मृत्यूही झटापटीतील अपघात ठरतो. पटकथेस आणि चंतूची भूमिका करणाऱ्या मम्मूटी यांस राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

यावरून चंतू निर्दोष ठरतो काय? मुळीच नाही. चित्रपट हा पुरावा नव्हे. परंतु वीरगीत तरी निःपक्षपाती साक्ष कोठे आहे? त्यात गौरव पुत्तूरम घराण्याचा आहे; चंतूच्या बाजूने बोलणारा त्यात कोणी नाही. घटनाक्रम बव्हंशी तोच ठेवून केवळ कथन करणारा बदलला, तर न्यायही बदलतो, एवढे या चित्रपटाने दाखवून दिले. मौखिक साधनांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने गीत काय सांगते हे टिपण्यापूर्वी ते कोणाच्या अंगणातून सांगितले जात आहे, हे विचारावयास शिकले पाहिजे. भाषेत रूढ झालेले दूषण हाही एक निकालच असतो, आणि तो पुष्कळदा आरोपीचे म्हणणे ऐकून न घेताच दिलेला असतो.