वार देणाऱ्या मायलेकी

तुमच्या गावात जुनी जाणती माणसे असतील, तर 'वार लावून जेवणे' म्हणजे काय, हे त्यांना एकदा विचारा. ती सांगतील की, गरिबाघरचा हुशार मुलगा शिकायला शहरी जाई. खानावळीत जेवायला पैसे नसत. मग तो सात घरे गाठी. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे करत आठवडा निघे. पुढे तो मुलगा मास्तर होई, वकील होई, एखादा न्यायाधीशही होई आणि त्याचे नाव चार ठिकाणी छापून येई. पण जिने दर बुधवारी त्याच्यापुढे ताट मांडले, त्या माउलीचे नाव कोणत्या पुस्तकात सापडते का? सहसा नाही.

अशाच दोन बायकांची हकीकत आज तुम्हाला सांगायची आहे. त्या आपल्या देशातल्या नव्हत. फ्रान्सच्या उत्तरेला नॉर्मंडी नावाचा प्रांत आहे. तिथल्या काँ नावाच्या शहरात त्या राहत. आईचे नाव स्तेफानी बिगार आणि मुलीचे नाव झान. दोघीही साध्या प्रापंचिक बायका. त्या जोगिणी नव्हत्या, की कोणत्या मठातल्या नव्हत्या. ज्या विद्यार्थ्यांना त्यांनी वार दिला, ते मात्र हजारो कोस दूर, जपानच्या नागासाकी शहरी शिकत होते.

आता नॉर्मंडी कुठे आणि नागासाकी कुठे! हा धागा जुळला कसा, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आणि ते मागे जाणे आपल्या गोव्यापासूनच सुरू होते.

१५४९ साली संत फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघाले आणि जपानच्या कागोशिमा बंदरात उतरले. त्यांच्याबरोबर आंजिरो नावाचा एक जपानी गृहस्थ होता. त्याचा बाप्तिस्मा आदल्या वर्षी गोव्यातच झाला होता. पुढच्या काळात जपानात, विशेषतः नागासाकीच्या आसपास, ख्रिस्ती धर्म चांगलाच पसरला. पण तिथल्या राज्यकर्त्यांच्या मनात संशय आला: आज परदेशी पाद्री आले आहेत, उद्या त्यांच्या मागून परदेशी फौजा आल्या तर? पोर्तुगीज आणि स्पॅनिश लोकांचा त्या काळचा उद्योग पाहिला, तर हा संशय अगदीच वेडगळ होता असे म्हणवत नाही. १६१४ साली साऱ्या देशभर या धर्मावर बंदी आली. पाद्र्यांना हाकलून दिले गेले. जे लपून राहिले, त्यांना शोधून मारले गेले. १६४४ मध्ये देशात उरलेला शेवटचा धर्मगुरूही बळी गेला.

मग ते ख्रिस्ती लोक संपले का? तसे सर्वांना वाटले खरे. पण १८६५ सालच्या मार्च महिन्यात नागासाकीला एक विलक्षण गोष्ट घडली. परदेशी व्यापाऱ्यांसाठी तिथे नुकतेच एक चर्च बांधले होते. पेतिझाँ नावाचे फ्रेंच पाद्री तिथे होते. एके दिवशी दुपारी जवळच्या उराकामी गावची काही शेतकरी माणसे आली. इकडे तिकडे पाहत एका बाईने पाद्र्यांजवळ येऊन हलक्या आवाजात सांगितले की, आमच्याही मनात तुमचाच धर्म आहे. आणि विचारले, मरियामातेची मूर्ती कुठे आहे? दोनशेहून अधिक वर्षे या खेडुतांनी धर्मगुरूवाचून आपला धर्म लपवून जतन केला होता. गावात एक जण मुलांना बाप्तिस्मा देई, एक जण सणवारांचा हिशेब ठेवी. प्रार्थनांचे शब्द बोलता बोलता बदलले होते, पण दिवा विझला नव्हता.

वाचकहो, हे ऐकून मन भरून येते. मात्र त्याबरोबर एक प्रश्नही उभा राहतो. बंदी येण्याआधी पासष्ट वर्षे चर्च त्या देशात होते. तेवढ्या काळात त्या मातीतले धर्मगुरू पुरेसे का तयार झाले नाहीत? काही झाले होते, पण फार थोडे. बहुतेक परदेशी मिशनऱ्यांना एतद्देशीय माणूस या कामाला लायक वाटतच नसे.

हा अनुभव आपल्याकडेही आला आहे. गोव्याच्या दिवाडी बेटावरचे मातेउश द कास्त्रू यांचे नाव काहींनी ऐकले असेल. धर्मगुरू होण्याची त्यांची इच्छा गोव्यात पुरी होईना. तेव्हा ते सरळ रोमला गेले. तिथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १६३७ साली ते बिशप झाले. लॅटिन परंपरेतले ते पहिले भारतीय बिशप. आदिलशाही मुलखासाठी त्यांची नेमणूक झाली होती. पण गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांशी त्यांचे कधी जमले नाही, आणि अखेर रोममध्येच त्यांचे देहावसान झाले. त्यांच्यानंतर किती काळ गेला पाहा! लॅटिन परंपरेत एका संबंध प्रदेशाचा कारभार भारतीय बिशपाच्या हाती येण्यास १९२३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी तामिळ मुलखात तुतिकोरीनला तिबुर्तियुस रोश हे बिशप झाले.

आता पुन्हा नागासाकीकडे वळू. तिथली बंदी १८७३ साली उठली. मात्र त्याआधी उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना घरदार सोडून हद्दपारी सोसावी लागली होती. १८७५ साली तिथे सेमिनरीची, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयाची, इमारत उभी राहिली. १८८२ साली पहिल्या तीन जपानी तरुणांना गुरुदीक्षा मिळाली. आणखी मुले येऊ लागली. पण इथेच अडचण आली. कॅथलिक धर्मगुरूचे शिक्षण म्हणजे दोन-चार महिन्यांचा वर्ग नव्हे. लॅटिन भाषा, तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र असे ते वर्षानुवर्षे चालते. तेवढी वर्षे मुलगा घरी कमावून आणत नाही, उलट त्याच्या अन्नवस्त्राची सोय करावी लागते. हद्दपारीतून परतलेल्या शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी ती कुठून करावी?

धर्मगुरू होण्याच्या ओढीला आपल्याकडचे मराठी कॅथलिक लोक 'पाचारण' म्हणतात. पाचारण म्हणजे बोलावणे. बोलावणे देवाचे असते, असे ते मानतात. पण बोलावणे आलेल्या मुलाला दोन वेळचे जेवण माणसांनीच द्यावे लागते ना!

१८८९ साली नागासाकीचे बिशप कुझँ यांनी बिगार मायलेकींना पत्र लिहिले. या बायका मिशनच्या कामाला मदत करतात, हे त्यांना ठाऊक होते. पत्राचा आशय असा: माझ्याकडे चांगली मुले आहेत, धर्मगुरू व्हायची त्यांची तयारी आहे, पण त्यांना पोसायला पैसा नाही, मदत झाली नाही, तर त्यांना घरी पाठवावे लागेल.

ते पत्र आले, तेव्हा या घरावर दुःखाचे डोंगर कोसळून गेले होते. झानचे वडील न्यायाधीश होते. ते १८७८ साली वारले. भाऊ रने ऐन तारुण्यात १८८७ साली गेला. घरात उरल्या दोघीच. झान तिशीची झाली होती, तिची प्रकृती नाजूक होती. अशा वेळी माणूस दार लावून आत बसतो. या दोघींनी दार उघडले. मुलाच्या वाट्याचा पैसा आईने जपानातल्या क्योतो शहरी संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नावाचे चर्च बांधण्याकडे लावला होता. (ती इमारत आज जपानातल्या मेइजी-मुरा या संग्रहालयात जतन करून ठेवली आहे.) नागासाकीचे पत्र आल्यावर मात्र झानच्या ध्यानात आले की, भिंती उभारणे सोपे, माणसे उभारणे अवघड, आणि खरी गरज माणसांची आहे.

दोघींनी आपला खर्च कमी केला. ओळखीच्या घरी जाऊन वर्गणी मागितली, पत्रे लिहिली. एवढे करून भागणार नाही, हे कळल्यावर त्यांनी एक संस्था काढली. प्रेषित संत पीटर यांचे नाव तिला दिले. तिची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याने प्रार्थना करावी. ज्याच्याकडे थोडे आहे, त्याने वर्षाची लहानशी वर्गणी द्यावी. ऐपत असेल, त्याने एका विद्यार्थ्याचा वर्षाचा खर्च उचलावा. आणि ज्याला मोठी रक्कम देता येईल, त्याने ती कायम ठेव म्हणून द्यावी, म्हणजे तिच्या व्याजावर एकामागून एक विद्यार्थी शिकत राहील. आपल्याकडे पैसा फंडाने पैसा पैसा गोळा करून तळेगावला काचेचा कारखाना उभा केला. तीच ही युक्ती.

झानचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे, तर असे होते: परदेशी पाद्री हा पाहुणा आहे, पाहुण्याच्या भरवशावर घर चालत नाही. १८९३ साली पोप तेरावे लिओ यांनी हिंदुस्थानाविषयी एक पत्रक काढले. त्यात त्यांनीही हीच गोष्ट बजावली. काळ फिरला आणि परदेशी मिशनरी हाकलले गेले, तर देशी धर्मगुरूच धर्म सांभाळतील, असे ते पत्रक म्हणते. त्याच वर्षी हिंदुस्थानातल्या मुलांसाठी सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, कँडीला एक मोठी सेमिनरी सुरू झाली. बेल्जियमचे जेझुइट तिथे शिकवत. तिला पेपल सेमिनरी म्हणतात. तिची गोष्ट पुढे येणारच आहे.

काम वाढले, तशा अडचणीही वाढल्या. त्या काळी फ्रान्सचे सरकार आणि चर्च यांच्यात तेढ होती. संस्थेला कायदेशीर मान्यता मिळेना. मान्यता नाही, म्हणून तिच्या नावे ठेवलेल्या देणग्याही सुरक्षित नाहीत. शेवटी १९०२ साली मायलेकींनी संस्थेचे बिऱ्हाड स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबूर शहरी हलवले. आणि १९०३ च्या जानेवारीत आई वारली.

ज्या आईच्या आधाराने झान उभी होती, ती गेल्यावर तिचे मन खचले. मग तिला मानसिक आजार जडला. हातातले काम तिने एका जोगिणींच्या संघाकडे सोपवले. त्यानंतरची वर्षे तिने आजारातच, रुग्णालयांतून काढली. संस्था चालत राहिली, वाढत राहिली. १९२० साली तिचा कारभार रोमकडे गेला. १९२२ साली पोप अकरावे पायस यांनी तिला पोपच्या अधिकाराखालची संस्था म्हणून मान्यता दिली. आणि १९२७ साली, ज्या नागासाकीहून ते पत्र आले होते, त्याच नागासाकीला पहिला जपानी बिशप मिळाला. हायासाका हे त्यांचे नाव. स्वतः पोपनी रोममध्ये त्यांना बिशपपदाची दीक्षा दिली. झान तेव्हा हयात होती. त्या समारंभापासून दूर, आपल्या आजारात. १९३४ च्या एप्रिलमध्ये ती वारली.

तिचे म्हणणे किती दूरदृष्टीचे होते, ते पुढच्या सहा-सात वर्षांतच दिसले. युद्धाच्या तोंडावर जपान सरकारने धर्मसंस्थांसाठी नवा कायदा लागू केला, आणि परदेशी बिशपांना आपल्या जागा सोडाव्या लागल्या. पण या खेपेस १६४४ सालासारखे झाले नाही. त्या जागी बसायला जपानी माणसे तयार होती.

पाचारण आलेल्या मुलांच्या पाठीशी प्रापंचिक माणसांनी उभे राहायचे, ही कल्पना पुढे इतर ठिकाणीही रुजली. १९३५ साली अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरी चार गृहस्थांनी सेरा क्लब काढला. आपापला कामधंदा सांभाळून धर्मगुरू होऊ पाहणाऱ्या तरुणांना आधार द्यायचा, त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, हे त्या मंडळींचे काम. आज अनेक देशांत असे क्लब आहेत.

आता कँडीच्या त्या सेमिनरीकडे येऊ. भारत स्वतंत्र झाला. इथल्या मुलांनी इथेच शिकावे, हे उघडच होते. १९५५ साली ती सेमिनरी कँडीहून हलली आणि कुठे आली म्हणता? पुण्याला. नगर रस्त्याने पुण्यात शिरताना रामवाडीचा भाग लागतो, तिथेच ती आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतली मुले तिथे शिकून गेली आहेत.

ही गोष्ट एका धर्माची आहे, पण तिच्यातला प्रश्न एका धर्मापुरता नाही. बाहेरचा शिक्षक, बाहेरचा डॉक्टर, बाहेरचा पुढारी किती दिवस पुरणार? आपल्यातलाच मुलगा, आपल्यातलीच मुलगी त्या जागी उभी राहिली पाहिजे. आणि ती उभी राहायची, तर तिच्या शिक्षणाची वर्षे कोणीतरी पोसली पाहिजेत. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ते याच जाणिवेने.

गुरुजी, तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या गावातून कोण कोण शिकून मोठे झाले, त्यांची यादी शाळेत असेलच. यंदा मुलांना दुसरी एक यादी करायला सांगा. त्या शिकलेल्यांना कोणी जेवू घातले, कोणी फी भरली, कोणी दिव्यासाठी तेल दिले, ते घरोघर विचारून यायला सांगा. सांगणारी माणसे अजून आहेत, तोवरच ती नावे वहीत उतरली पाहिजेत.